शेवटचा सामना आहे, एवढं तरी सांगायचं होतं

प्रति,
देशातल्या अव्वल फुटबॉल लीगचा कारभार पाहणारे, तिच्यातले संघ काढणारे, विकत घेणारे, हलवणारे आणि बंद करणारे सर्व मान्यवर यांस,



मी पालघर तालुक्यातल्या नवापूरचा. बोईसर स्टेशनच्या पश्चिमेला, समुद्राला लागून असलेलं आमचं गाव. तारापूर एमआयडीसीत शिफ्टवर काम करतो. फुटबॉलमध्ये मी कुणीही नाही. खेळाडू नाही, पंच नाही, पत्रकार नाही. तिकीट काढून सामना बघणारा माणूस आहे. तुमच्या कागदांवर माझी नोंद असलीच तर एकाच जागी असेल, ‘आजची प्रेक्षकसंख्या’ या रकान्यात. त्या आकड्यातला एक मी होतो.

हे पत्र 2017 पासून माझ्या मनात आहे. दोन-तीनदा लिहायला बसलो आणि उठलो. वाटायचं, देशात एवढे प्रश्न असताना एका बुडालेल्या फुटबॉल संघाचं रडगाणं कोण ऐकणार? पण 2025-26 च्या हंगामाचे जे हाल सगळ्यांनी पाहिले, त्याने जुनी जखम पुन्हा उघडली. आता लिहिलं नाही तर कधीच लिहिणार नाही, म्हणून लिहितो आहे.

आमच्या किनाऱ्यावर क्रिकेटच चालतं, हे आधीच कबूल करतो. उन्हाळ्यात गावोगाव टेनिस बॉलच्या स्पर्धा भरतात, मंडप पडतात, रात्री दिवे लावून सामने होतात. फुटबॉल आमच्याकडे पावसाळ्यापुरता. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद. होड्या वर ओढलेल्या, त्यांच्यावर ताडपत्र्या, खलाशी घरी. या दिवसांत ओहोटी लागली की वाळू घट्ट होते आणि पोरं चेंडू घेऊन खाली उतरतात. दोन बांबू रोवायचे, मागे फाटक्या जाळ्याचा तुकडा बांधायचा, झाला गोल. भरती चढली की सामना संपला, शिट्टीची गरज नाही. चेंडू त्या भिजलेल्या जाळ्यात शिरला की जाळं मागे फुगायचं आणि त्यातून पाण्याचे थेंब उडायचे. फुटबॉलचं वेड मला त्या थेंबांनी लावलं. टीव्हीवरचा परदेशी फुटबॉल नंतर आला.

आपल्या मुंबईचा एक संघ देशाचा विजेता झाला आहे, हे मला 2006 मध्ये पेपरात कळलं. बातमी लहान होती, पानाच्या खालच्या कोपऱ्यात. राष्ट्रीय फुटबॉल लीग 1996-97 ला सुरू झाली, तिच्या दहाव्या हंगामात महिंद्रा युनायटेडने विजेतेपद मिळवलं होतं. डेरिक परेरा प्रशिक्षक. बरेटो, याकुबू, आपला मुंबईचा स्टीव्हन डायस अशी माणसं संघात. त्याच हंगामात फेडरेशन कपही त्यांनी जिंकला. त्या लीगचे एकूण अकरा हंगाम झाले. त्यांत महाराष्ट्रातल्या संघाने जिंकलेला हंगाम हा एकच. कोलकाता, गोवा, पंजाब यांच्या रांगेत एकदा, फक्त एकदा, आपलं नाव लागलं. ते कात्रण मी बरीच वर्षं बारावीच्या पुस्तकात ठेवलं होतं.

चार वर्षांनी, 2010 मध्ये, तो संघ बंद झाला. 1962 पासूनचा संघ. आता आम्ही शालेय फुटबॉलकडे लक्ष देणार, असं जाहीर झालं. शाळेतल्या मुलांनी खेळावं, याला कोण नाही म्हणेल? पण त्या मुलांनी मोठेपणी कुठल्या संघाकडे बघायचं? देशाचा विजेता राहिलेला संघ चार वर्षांत इतिहासजमा होऊ शकतो, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. त्यातून शहाणपण घ्यायला हवं होतं. घेतलं नाही, कारण तोवर मुंबई एफसी आला होता.

मुंबई एफसी 2007 मध्ये निघाला, 2008 मध्ये दुसऱ्या विभागाचा विजेता झाला आणि राष्ट्रीय लीगच्या जागी आलेल्या आय-लीगमध्ये वर चढला. पिवळा गणवेश. पैशाने मोठा संघ नव्हता, नावाजलेले खेळाडू टिकत नसत. मुंबईतल्या कूपरेज मैदानाचं काम निघालं तेव्हा काही काळ ‘घरचे’ सामने पुण्याला बालेवाडीत व्हायचे. पण तो कुठल्या कार्यालयाचा किंवा कारखान्याचा संघ नव्हता, त्याच्या नावात आमचं शहर होतं. बोईसरच्या माणसाने मुंबईला ‘आमचं शहर’ म्हणावं का, असं कुणी विचारेल. आमचं हॉस्पिटल मुंबई, आमचं कोर्ट मुंबई, आमच्या मासळीचा बाजार मुंबई. मग संघ तरी दुसरा कुठला असणार?

2013 च्या एप्रिलमध्ये डहाणूहून चर्चगेटला लोकल सुरू झाली आणि माझ्यासाठी कूपरेज जवळ आलं. जवळ म्हणजे काय, ते सांगतो. नाइट शिफ्ट करून सकाळी सातला सुटायचं. नवापूरला घरी येऊन दोन तास डोळा लावायचा. पुन्हा बोईसर गाठायचं आणि गाडीत बसायचं, बहुधा उभंच राहायचं. चर्चगेटला उतरून ओव्हल मैदानाच्या कडेने चालत कूपरेज. सामना दीड तासाचा, येण्याजाण्यात पाच तास. शिफ्ट बदलून मिळाली तर ती परत फेडायला डबल ड्युटी. घरून विचारणा व्हायची, एवढं काय आहे तिथे? मला नीट उत्तर देता यायचं नाही.

उत्तर आज देतो. तिथे एक माणूस होता.

ते वसईचे होते. साठी ओलांडलेले, पांढरी टोपी, हातात कापडी पिशवी. मी त्यांना अंकल म्हणत असे. पहिल्या वेळी योगायोगाने शेजारी बसलो, नंतर ती आमची जागा झाली. त्यांनी कूपरेजवर रोव्हर्स कपचे सामने पाहिले होते. 1891 मध्ये सुरू झालेली ती स्पर्धा, कोलकात्याचे, हैदराबादचे, गोव्याचे संघ मुंबईत यायचे. मफतलाल, ओर्के मिल्स, टाटा, महिंद्रा, एअर इंडिया ही नावं त्यांच्या तोंडी घरातल्या माणसांसारखी असायची. 2000-01 नंतर रोव्हर्स कप झाला नाही. अंकल म्हणायचे, “स्पर्धा बंद झाली ते चालेल, पण बंद झाली असं कुणी सांगितलं नाही रे. आम्ही दोन वर्षं वाट पाहिली.” तेव्हा मी ते वाक्य नुसतं ऐकलं. त्याचं वजन मला पुढे कळलं.

ते येताना सुकेळी आणायचे. वसईची राजेळी केळी वाळवून केलेली, मधासारखी तांबूस, बोटांना चिकटणारी. मध्यंतरात एक मला, एक त्यांना. मी त्यांच्यासाठी सुके बोंबील न्यायचो, तीन-चार कागदांत घट्ट गुंडाळून, डब्यातल्या लोकांनी नाक मुरडू नये म्हणून. परतीला आम्ही बरोबर असायचो. वसईला ते उतरायचे, मी पुढे जायचो. उतरताना दरवेळी एकच वाक्य, “चल, पुढच्या मॅचला.”

चार वर्षांत आम्ही एकमेकांचा फोन नंबर घेतला नाही. पूर्ण नावही विचारलं नाही. गरजच पडली नाही. वेळापत्रक लीग ठरवायची, जागा ठरलेली होती. पुढची मॅच असायचीच.

आता 2016-17 च्या हंगामाबद्दल. माझ्या दुखण्याचं मूळ त्यात आहे.

त्या आधीचे सात हंगाम, 2009 पासून 2016 पर्यंत, मुंबई एफसीचे प्रशिक्षक होते खालिद जमील. महिंद्रा, एअर इंडिया आणि मुंबई एफसी अशा मुंबईच्याच संघांकडून खेळलेला माणूस. कमी बोलणारा, बाकासमोर येरझाऱ्या घालणारा. त्यांच्या संघाचा खेळ डोळ्यांना सुखावणारा नव्हता, हे खरं. पण सात हंगामांत संघ एकदाही खाली घसरला नाही. मोठ्या संघांना कूपरेजवर घाम फुटायचा. अंकल म्हणायचे, “हा माणूस गळक्या होडीतून माणसं सुखरूप आणतो.” 2016 मध्ये मुंबई आणि खालिद यांची ताटातूट झाली आणि ते मिझोरामच्या ऐझॉल संघाकडे गेले.

ऐझॉल म्हणजे आदल्या हंगामात खाली घसरलेला संघ. त्या वर्षी गोव्याच्या क्लबांनी लीगच्या नव्या आराखड्याला वैतागून माघार घेतली, जागा रिकाम्या झाल्या, म्हणून ऐझॉलला पुन्हा आत घेतलं. 7 जानेवारी 2017 ला हंगाम सुरू झाला. दहा संघ, प्रत्येकी अठरा सामने. एकीकडे मोहन बागान, ईस्ट बंगाल, बंगळुरू. दुसरीकडे उपकाराने आत आलेला ऐझॉल. आणि आमचा मुंबई एफसी, खालिद नसलेला.

ऐझॉल कूपरेजवर खेळायला आला त्या दिवशी माझं लक्ष चेंडूवर कमी होतं. ज्या बाकाकडे बघायची इतक्या वर्षांची सवय, त्याच्यावर दुसरीच माणसं होती. आपला माणूस पाहुणा म्हणून आपल्याच अंगणात आला होता. अंकल खूप वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “तो जिंकला तरी मला वाईट वाटणार नाही. आणि हरला तर वाटेल.” आपल्या संघाविरुद्ध असं वाटणं पाप आहे का, हे मला आजही ठरवता आलेलं नाही.

त्या हंगामाचा शेवट तुम्हाला माहीत आहे. 22 एप्रिलला ऐझॉलने मोहन बागानला 1-0 ने हरवलं. 30 एप्रिलला शिलाँगमध्ये 1-1 अशी बरोबरी साधून विजेतेपद मिळवलं. ऐझॉलचे गुण 37, मोहन बागानचे 36. राष्ट्रीय लीग जिंकणारा ईशान्य भारतातला पहिला संघ. तक्त्याचं वरचं टोक आमच्या माणसाने गाठलं आणि त्याच तक्त्याच्या तळाला, दहाव्या क्रमांकावर, आमचा संघ होता. एकाच हंगामात, एकाच कागदावर. राखायचं कुणाला आणि सोडायचं कुणाला, हे संघ चालवणाऱ्यांना कळत नाही, याचा याहून स्पष्ट पुरावा मी पाहिलेला नाही.

पण हरलो म्हणून मी हे पत्र लिहीत नाही. हरणं आम्हाला समजतं. आमच्याकडे रिकामी होडी परत येणं ही रोजची गोष्ट आहे. त्या हंगामातल्या आमच्या शेवटच्या फेरीला, परतीच्या गाडीत, संघ खाली जाणार हे आम्हा दोघांना दिसत होतं. मी गप्प होतो. अंकलच म्हणाले, “गेलो तर गेलो. दुसऱ्या विभागातूनच आलो होतो ना 2008 ला? परत येऊ.” मी त्यांना म्हटलं, “या वेळी बोंबील राहिले. उन्हात घातलेत, चांगले कडक झाले की पुढच्या मॅचला आणतो.” वसई आली. “चल, पुढच्या मॅचला,” म्हणाले आणि उतरले.

पुढची मॅच झालीच नाही.

मुंबई एफसी दुसऱ्या विभागात उतरला नाही. संघ गुंडाळला गेला. मला ते कसं कळलं? वेळापत्रक शोधताना नाव सापडेना, म्हणून. मैदानावर कुणी निरोप घेतला नाही. पिवळा गणवेश घालून कुणी शेवटची फेरी मारली नाही. दहा वर्षं चाललेलं दुकान बंद करतानाही माणूस शटरवर कागद चिकटवतो, गिऱ्हाइकांचे आभार मानतो. आमच्यासाठी तेवढा कागदही कुणी चिकटवला नाही. हे कुणा एकाच्या माथी मारत नाही. कुणावरच ही जबाबदारी नव्हती, आणि माझी तक्रार तीच आहे. संघ जन्माला घालताना पत्रकार परिषद होते. संघ मरतो तेव्हा साधी नोटीसही निघत नाही.

त्या दिवशी कुणी ध्वनिक्षेपकावरून म्हटलं असतं, “मंडळी, हा आपला शेवटचा सामना,” तर मी वसईला त्यांच्याबरोबर उतरलो असतो. त्यांचं नाव विचारलं असतं. नंबर घेतला असता. त्यानंतर दोन-तीनदा मी वसई स्टेशनबाहेर उभा राहिलो आहे. एवढ्या मोठ्या गावात पांढऱ्या टोपीचा एक म्हातारा कसा शोधायचा?

आता हे एका संघाचं नाही, हे सांगतो. 2012-13 च्या आय-लीगमध्ये 14 संघ होते आणि त्यांतले 4 महाराष्ट्रातले होते. मुंबई एफसी, पुणे एफसी, एअर इंडिया, ओएनजीसी. त्या हंगामात पुणे एफसी उपविजेता होता. 2013 मध्ये एअर इंडिया आणि ओएनजीसी परवान्याच्या निकषांत बसत नाहीत म्हणून बाहेर. 2015 मध्ये पुणे एफसी बंद. त्याच सुमारास पुण्यात भारत एफसी निघाला, एक हंगाम खेळला आणि गेला. डीएसके शिवाजियन्स दोन हंगाम खेळला आणि 2017 मध्ये गेला. त्याच वर्षी मुंबई एफसी. 2014 मध्ये इंडियन सुपर लीगबरोबर आलेला एफसी पुणे सिटी 2019 मध्ये संपला, त्याच्या जागी हैदराबादचा संघ उभा राहिला. हैदराबादने 2021-22 चं विजेतेपद मिळवलं, आणि 2025 मध्ये तोही संघ नाव बदलून दिल्लीला गेला. म्हणजे पुण्याच्या माणसाचं दुःख हैदराबादच्या माणसाच्या वाट्याला आलं. पुण्याच्या त्या प्रेक्षकांना आणि हैदराबादच्या त्या प्रेक्षकांना कुणी विचारलं होतं का?

तुम्ही म्हणाल, तोटा होतो. होत असेल. तोटा मला परका नाही. आमच्या गावात डिझेलचा खर्च निघाला नाही म्हणून होड्या विकल्या गेल्या आहेत. पण तिथे एक रीत आहे. हंगाम संपत आला की मालक खलाशांना बोलावतो आणि सांगतो, नारळी पौर्णिमेनंतर होडी पाण्यात जाणार की नाही. जाणार नसेल तर खलाशी दुसरी होडी बघतो. मालक कर्जात बुडाला तरी हे सांगणं चुकवत नाही, कारण ज्यांच्या जिवावर होडी चालली त्यांना अंधारात ठेवणं आमच्याकडे बेइमानी समजतात. होडी त्याची असते, कागद त्याच्या नावाचे असतात, तरीही सांगतो. तुम्ही ते कधी केलं नाहीत.

आणि अंधारात राहणं म्हणजे काय, ते आमच्या किनाऱ्याला चांगलं माहीत आहे. अणुवीज केंद्र आलं, एमआयडीसी आली, कारखान्यांचं सांडपाणी वाहून नेणारी वाहिनी आमच्याच समुद्रात उतरली. निर्णय दुसरीकडे होतात, आम्हाला ते भोगायच्या वेळी कळतात. पोट त्याच एमआयडीसीवर चालतं, म्हणून तोंड दाबून गप्प राहतो. फुटबॉल तरी असा नसेल, असं मला वाटलं होतं. तिथे तरी आपण तिकिटाचे पैसे मोजतो, आपण आरडाओरडा करतो, म्हणजे आपण मोजले जातो. तिथेही तेच निघालं, याचं दुःख संघ गेल्याच्या दुःखापेक्षा मोठं आहे.

जगात सगळीकडे असंच चालतं, असंही म्हणू नका. 2002 मध्ये लंडनच्या विम्बल्डन क्लबला दुसऱ्या गावी, मिल्टन कीन्सला, हलवायची परवानगी मिळाली. तिथल्या प्रेक्षकांनी काय केलं? स्वतःचा नवा संघ काढला, बऱ्याच खालच्या पायरीवर नोंदवला आणि एकेक पायरी चढत 2011 मध्ये तो व्यावसायिक लीगमध्ये नेला. ते जमलं, कारण चढायला पायऱ्या होत्या. खालचं मैदान, त्याच्यावरची लीग, तिच्यावरची लीग, सगळं एकमेकांना जोडलेलं. आमच्याकडे 2017 चा विजेता ऐझॉलसुद्धा अव्वल लीगचं दार ठोठावत राहिला आणि ते उघडलं नाही. जर्मनीत क्लबच्या मतांचा मोठा हिस्सा सदस्यांकडे असावा असा नियम आहे. मी तेवढं मागत नाही. मी फक्त निरोप मागतो आहे.

आता 2025-26. आमच्या घरात माझा भाचा आहे. मी त्याला इंडियन सुपर लीगमधल्या मुंबई सिटीचं वेड लावलं, आणि ते माझ्या हातून का झालं, याचा मी आता विचार करतो. मुंबई सिटीने 13 मार्च 2021 ला मोहन बागानला हरवून लीगचा चषक जिंकला तेव्हा तो लहान होता. बिपिन सिंगचा शेवटच्या मिनिटातला गोल त्याने घरातल्या मोबाइलवर पाहिला आणि अंगणात धावत गेला. निळा टी-शर्ट घालून तो आता ओहोटीच्या वाळूत गोलकीपर उभा राहतो. 2025 च्या जुलैत बातमी आली की लीगचा करार संपत आल्याने नवा हंगाम थांबवला आहे. 2010 मध्ये भारतीय फुटबॉल महासंघाने 700 कोटींना पंधरा वर्षांसाठी व्यापारी हक्क दिले होते, ती मुदत 2025 च्या डिसेंबरात संपणार, हे पंधरा वर्षं आधीपासून ठरलेलं होतं. पंधरा वर्षं आधी माहीत असलेली तारीख तुम्हाला अचानक उगवल्यासारखी कशी वाटली? नव्या हक्कांसाठी निविदा काढली तर बोली लावायला कुणी पुढे आलं नाही. संघांचे सराव थांबले, काही ठिकाणी पगार अडकले. सुनील छेत्रीसारख्या खेळाडूंना नव्या वर्षाच्या सुरुवातीला फुटबॉलच्या जागतिक संघटनेकडे उघडपणे हात जोडावे लागले. डिसेंबरात मुंबई सिटीतला परदेशी भागीदार बाहेर पडला. सप्टेंबर-ऑक्टोबरात सुरू होणारी लीग अखेर 14 फेब्रुवारी 2026 ला सुरू झाली, 14 संघ, एकेरी फेरी, 91 सामने. घाईघाईत उरकलेलं लग्न जसं असतं, तशी.

याच काळातली एक गोष्ट सांगायलाच हवी. 2025 च्या ऑगस्टमध्ये भारताच्या राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक म्हणून खालिद जमील यांची नेमणूक झाली. मुंबईने जो माणूस हातचा जाऊ दिला, तो देशाचा प्रशिक्षक झाला. बातमी वाचून माझे डोळे भरून आले. पण त्यांच्या हाती काय होतं? थांबलेली लीग आणि सामन्यांची सवय सुटलेले खेळाडू. त्याच वर्षी ऑक्टोबरात आशियाई चषकाच्या पात्रता फेरीतून भारत बाहेर पडला. पुन्हा गळकी होडी, पुन्हा तोच माणूस.

जुलै ते फेब्रुवारी, सात महिने, भाचा मला एकच प्रश्न विचारायचा, “मामा, मॅच कधी?” मी सांगायचो, होईल. एकदा त्याने विचारलं, “मुंबई सिटी बंद नाही ना होणार?” माझ्या तोंडून चटकन ‘नाही’ आलं नाही. बारा वर्षांच्या मुलाला त्याच्या संघाबद्दल खात्रीने ‘नाही’ म्हणता येऊ नये, ही स्थिती कुणी आणली? मी नाही आणली. वसईच्या अंकलनी नाही आणली. आम्ही तर दरवेळी तिकीट काढलं होतं.

म्हणून माझ्या चार विनंत्या आहेत. त्यांना पैसे लागत नाहीत.

एक, संघ बंद करायचा किंवा दुसऱ्या गावी न्यायचा असेल तर हंगाम संपण्याआधी जाहीर सांगा. लीगच्या नियमांतच ते लिहा, न सांगणाऱ्याला नव्याने संघ काढायची परवानगी देऊ नका. दोन, संघ गेला तरी त्याचं नाव, रंग, चिन्ह, सामन्यांच्या नोंदी आणि फोटो त्या गावच्या एखाद्या फुटबॉल संस्थेकडे सोपवा. महिंद्राचा 2006 चा विजय बघायचा झाला तर माझ्यासारख्याने कुठे जायचं? मुंबईत 1891 पासूनचा फुटबॉलचा इतिहास आहे, त्याला एक खोली तरी मिळू द्या. तीन, हंगामाचं वेळापत्रक हंगामाआधी निदान दोन महिने लावा. शिफ्टवर काम करणाऱ्या माणसाला रजा आधी सांगावी लागते. आमची शिफ्ट तुमच्या सोयीने बदलत नाही. चार, खालून वर येण्याची वाट खरी उघडी ठेवा, म्हणजे उद्या पालघरच्या, वसईच्या, कोल्हापूरच्या पोरांना स्वतःचा संघ काढून चढता येईल आणि तुमच्या मर्जीवर राहावं लागणार नाही.

संघ तुमचा आहे, हे मला मान्य आहे. कागद तुमचे, पैसा तुमचा, परवाना तुमचा. पण संघाला ‘आपला’ म्हणायला तुम्हीच आम्हाला शिकवलंत. पोस्टरवर तसं छापलंत, घोषणा दिल्यात, आमच्या शहराचं नाव छातीवर लावलंत. ज्याला आपलं म्हणायला लावलं, ते नेताना विचारायला नको, निदान सांगायला नको का?

आणि हे पत्र वसईत कुणाच्या हाती पडलंच, तर एक सांगा. पांढरी टोपी घालणारे, कापडी पिशवीतून सुकेळी आणणारे, 2017 पर्यंत कूपरेजवर पिवळ्या संघाचे सामने बघणारे एक गृहस्थ कुणाच्या ओळखीचे असतील, तर त्यांना म्हणावं, नवापूरचा तो पोरगा विचारत होता. बोंबील दर वर्षी उन्हात घालतो. कडक होतात.

मान्यवरांनो, तुमच्याकडे शेवटचं मागणं. पुन्हा कधी एखादा संघ बंद कराल, आणि आजवरचा अनुभव बघता कराल, तेव्हा त्या दिवसाच्या तिकिटावर एक ओळ छापा : हा शेवटचा सामना आहे. माणसं एकमेकांचा नंबर तरी घेतील.

कळावे.

आपला,
नवापूरचा एक प्रेक्षक